ध्वनीचा कर्ता कोण? सांगली-साताऱ्यातील घरगुती श्रवणाविषयी

मराठी व्याकरणाच्या तासाला प्रयोग शिकवताना दरवर्षी एकच अडचण उभी राहते. विद्यार्थी कर्तरी म्हणजे 'ॲक्टिव्ह' आणि कर्मणी म्हणजे 'पॅसिव्ह' असे समीकरण शाळेतूनच पक्के करून आलेले असतात. मग 'रामाने आंबा खाल्ला' हे वाक्य फळ्यावर लिहावे लागते. प्रयोग कर्मणी आहे. पण म्हणून राम स्वस्थ बसलेला नाही. खाण्याचे काम त्यानेच केले आहे. फरक एवढाच की क्रियापदावरची सत्ता कर्माकडे गेली आहे. आंबा खाल्ला, पोळी खाल्ली, केळे खाल्ले. राम तोच, पण कर्म बदलेल तसे क्रियापद वाकते. मोरो केशव दामल्यांच्या १९११ च्या 'शास्त्रीय मराठी व्याकरणा'त आणि त्यानंतरही या प्रयोगांचा पुष्कळ खल झालेला आहे, त्यात येथे शिरत नाही. मात्र हीच जोडी काही वर्षांपूर्वी मला अगदी वेगळ्या ठिकाणी भेटली. घरात गाणे ऐकण्यासाठी ध्वनिवर्धकांची जोडी घ्यावी म्हणून दुकानात गेलो असता दुकानदाराने विचारले, "सर, ॲक्टिव्ह दाखवू का पॅसिव्ह?" मी निरुत्तर झालो. पुढे वाचन केले, काही ऐकले, आणि ध्यानात आले की हा प्रश्न केवळ खरेदीचा नाही. आपल्या भागातील घराघरांत संगीत कोणत्या मार्गाने आले याच्या इतिहासाचाच तो एक भाग आहे. आणि त्या इतिहासाविषयी आपला जो सर्वसाधारण समज आहे, तो बराचसा उलटा आहे.

समज असा की पॅसिव्ह ही जुनी, अस्सल, परंपरेची रीत आणि ॲक्टिव्ह हे अलीकडचे सोयीस्कर खूळ. प्रत्यक्षात घरगुती श्रवणाचा आरंभ जवळजवळ ॲक्टिव्हनेच झालेला आहे.

प्रथम दोन्हींतील भेद सांगितला पाहिजे, कारण दुकानातही तो पुष्कळदा चुकीचा सांगितला जातो. चांगल्या पेटीत बहुधा दोन ध्वनक असतात: खालच्या स्वरांसाठी मोठा वूफर आणि वरच्या स्वरांसाठी लहानसा ट्वीटर. आलेल्या ध्वनीची या दोघांत वाटणी करावी लागते. वाटणी करणाऱ्या रचनेला क्रॉसओव्हर म्हणतात. पॅसिव्ह पद्धतीत ॲम्प्लिफायर बाहेर असतो. तो संपूर्ण ध्वनी एकत्रच वाढवून तारेवाटे पेटीत पाठवतो आणि वाढलेल्या, जोरकस विजेची वाटणी पेटीतल्या कॉइल आणि कंडेन्सर करतात. ॲक्टिव्ह पद्धतीत हा क्रम उलटतो. ध्वनी अजून क्षीण असतानाच त्याची वाटणी होते आणि नंतर वूफरला एक, ट्वीटरला दुसरा असे स्वतंत्र ॲम्प्लिफायर, तेही पेटीतच बसवलेले, आपापल्या ध्वनकाला चालवतात. नुसता ॲम्प्लिफायर पेटीत कोंबला म्हणजे ती पेटी खऱ्या अर्थाने ॲक्टिव्ह होत नाही. एकाच पेटीत ॲम्प्लिफायर आणि दुसरी पेटी तिला तारेने बांधलेली, आत वाटणीला जुनाच कंडेन्सर, अशा जोड्याही ॲक्टिव्ह या नावाखाली विकल्या जातात. त्यांना फार तर 'वीजधारी' म्हणावे.

पॅसिव्हचे 'निष्क्रिय' हे भाषांतर मात्र येथेही फसवे आहे. पॅसिव्ह पेटी बाहेरून आलेली वीज मुकाट्याने घेत नाही. तिच्यावर आठ ओहम असे लिहिलेले असले तरी तिचा अडथळा प्रत्येक स्वराला निराळा असतो. कुठे तो चारावर येतो, कुठे वीस-तीसवर चढतो. ॲम्प्लिफायरला त्याप्रमाणे वाकावे लागते. तोच ॲम्प्लिफायर एका पेटीवर सुखाने चालतो, दुसरीवर घाम गाळतो. आंबा खाल्ला, पोळी खाल्ली. सत्ता कर्माकडे आहे. व्याकरणाच्या वर्गातील दृष्टांत इतका चपखल बसेल असे मला वाटले नव्हते.

आता इतिहास. आपल्या भागापुरते बोलायचे तर तो मिरजेपासून सुरू करणे योग्य. मिरजेत तलवारी घडवणाऱ्या शिकलगारांच्या घराण्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास तंतुवाद्ये घडवायला घेतली, आणि तो व्यवसाय आजही त्याच गल्ल्यांत चालू आहे. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. तंबोऱ्याचा भोपळा हा वीज नसलेल्या काळातला ध्वनिवर्धकच आहे. पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येणारे हे भोपळे वाळवून, कोरून, त्यावर तबली बसवली की तारेची बारीक थरथर खोलीभर पसरते. बाहेरची शक्ती नाही. बोटाने दिली तेवढीच. तंबोऱ्याकडे पुढे पुन्हा यावे लागणार आहे, कारण माझ्या दृष्टीने या सगळ्या वादाचा निकाल त्यानेच लावला.

ग्रामोफोनही याच जातीचा. फ्रेड गैसबर्ग १९०२ साली कलकत्त्यास येऊन गौहरजानचे गाणे मुद्रित करून गेला; त्यानंतर थोड्याच वर्षांत तबकड्या संस्थानांच्या राजवाड्यांत आणि मग सावकारांच्या, वकिलांच्या माड्यांवर पोहोचल्या. चावी दिली की स्प्रिंग तबकडी फिरवते, सुई खाचेतून जाते आणि सुईची हालचाल पातळ पडद्याला हलवते, पुढे कर्णा. वीज कुठेच नाही. आवाज कमीजास्त करायचा तर सुई बदलायची: जाड सुई मोठा आवाज, बारीक सुई लहान. मिरजेत स्थायिक झालेले अब्दुल करीम खाँसाहेब १९०५ च्या सुमारास असेच एका कर्ण्यात गायले. त्या पद्धतीच्या मुद्रणात साधारण दोनशे हर्ट्झच्या खालचे आणि दोन-अडीच हजारांच्या वरचे काही टिकतच नसे. १९२५ साली मायक्रोफोन आणि विजेच्या साहाय्याने मुद्रण सुरू झाले आणि ही चौकट दुपटीने रुंदावली. खाँसाहेबांच्या १९३० नंतरच्या ओडियनच्या तबकड्या या दुसऱ्या पद्धतीच्या. बारीक, टोकदार, जोर न लावता लागणारा त्यांचा स्वर या मुद्रणाला मानवला असे मला वाटते; झिंझोटीतील ठुमरी ऐकणाऱ्यास याचा पुरावा निराळा द्यायला नको. १९३७ साली ते गेले. मिरजेच्या मीरासाहेबांच्या दर्ग्यात त्यांच्या स्मरणार्थ होणाऱ्या सभेला आजही गायक येऊन हजेरी लावतात.

याच १९२५ साली अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिक कंपनीत चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग या दोघांनी कागदी शंकू आणि त्यास चिकटवलेली फिरती कॉइल असा ध्वनक सिद्ध केला. आजही तुमच्या-माझ्या घरातील बहुतेक पेट्यांत तत्त्वतः तोच आहे. येथे एक बारकावा सहसा सांगितला जात नाही. त्यांनी ध्वनक एकटा केला नाही. त्याला पुरेल असा ॲम्प्लिफायर त्या वेळी बाजारात नव्हता, म्हणून तोही स्वतःच रचला. १९२६ साली 'रेडिओला १०४' या नावाने अडीचशे डॉलरला जी पेटी विक्रीस आली, तिच्यात ध्वनक आणि एक वॉटचा ॲम्प्लिफायर दोन्ही होते. म्हणजे फिरत्या कॉइलची घरगुती वापराची ही पहिली पेटी वीजधारी होती. पुढे जाऊन असेही म्हणता येईल की त्या काळचा ध्वनक स्वतःच विजेवाचून मुका होता. जोरकस कायमचे चुंबक स्वस्तात मिळत नसल्याने चुंबकही विजेची गुंडाळी घालून तयार करावे लागे. बटण बंद केले की चुंबकपणाच नाहीसा! अशा वस्तूस पॅसिव्ह कसे म्हणणार?

आपल्याकडे ही वस्तू आली ती रेडिओच्या रूपाने. मुंबईचे केंद्र १९२७ चे, पुण्याचे १९५३ चे, सांगलीचे १९६३ चे. त्याच्या आदल्याच वर्षी सातारा जिल्ह्यात कोयनेची वीज निघू लागली होती. हा निव्वळ योगायोग, पण आमच्या भागात रेडिओचे युग आणि विजेचे युग हातात हात घालून आले हे खरे. त्या रेडिओची आठवण पन्नाशीच्या पुढील प्रत्येकाला असेल: भिंतीतल्या फळीवर ठेवलेली लाकडी पेटी, पुढे सोनेरी धाग्याचे कापड, वर क्रोशाचे विणकाम, हिरवा डोळा, व्हॉल्व्ह तापेपर्यंत अर्धा मिनिट वाट पाहणे. वर्षातून एकदा पोस्टात जाऊन परवान्याचे पैसे भरणे हाही त्या श्रवणाचाच भाग होता; तो परवाना १९८० च्या दशकात गेला. या पेटीत स्वर पकडणारा भाग, ॲम्प्लिफायर आणि ध्वनक सगळे एकाच कारखान्यात एकमेकांच्या मापाने जुळवलेले असे. ध्वनक एकच. मध्यम लहरींवर पाच हजार हर्ट्झच्या पलीकडे फारसे काही येतच नव्हते, तेव्हा ट्वीटरची गरज नव्हती आणि वाटणीचा प्रश्नही नव्हता. ऐकणाऱ्याच्या हातात दोन गुंड्या, एक आवाजाची आणि एक स्टेशनची. बाकी सारे करणाऱ्याने ठरवलेले. पुढे सुटकेससारखा रेकॉर्डप्लेअर आला, एच.एम.व्ही.च्या 'फिएस्टा'सारखा, त्याचाही प्रकार हाच. आमच्या आधीच्या दोन पिढ्यांनी नाट्यपदे, अभंग, गीतरामायण ऐकले ते अशा बंद पेट्यांतून. आणि पेटी बंद आहे ही तक्रार कोणाची ऐकिवात नाही.

मग पॅसिव्हचे युग आले कुठून? ते स्टिरिओतून आले. एकाच खाचेच्या दोन भिंतींवर डावा-उजवा असा ध्वनी कोरलेली तबकडी १९५८ पासून बाजारात आली, आणि एका पेटीचे काम दोन पेट्यांवर गेले. पेट्या एकमेकींपासून सात-आठ फूट दूर हव्यात. मध्ये ॲम्प्लिफायर एकच पुरतो. साहजिकच तो बाहेर आला. तिकडे एडगर विल्चरने १९५४ मध्ये लहान, हवाबंद पेटीतूनही खोल खर्ज काढून दाखवला होता. १९६१ साली ऑस्ट्रेलियात नेव्हिल थील याने आणि त्यापुढील दशकात रिचर्ड स्मॉल याने पेटीचे आकारमान गणिताने काढण्याची रीत बसवली. आता कोणीही ध्वनक एका कंपनीचा, ॲम्प्लिफायर दुसऱ्या कंपनीचा घेऊन जुळणी करू शकत होता. श्रोत्याच्या हातात प्रथमच निवड आली. 'हौशी' हा शब्द श्रवणाला खऱ्या अर्थाने तेव्हापासून लागू झाला.

आमच्याकडे हे युग १९८० च्या आसपास पोहोचले, आणि पोहोचताना त्याने वेश पालटला. परदेशी, अगर चांगले देशी संचसुद्धा, शिक्षकाच्या पगारात बसत नव्हते. त्यामुळे जुळणीचे काम गावच्या रेडिओ मेकॅनिकने अंगावर घेतले. पुण्याच्या बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या आजूबाजूला सुटे भाग मिळत. सांगलीचा मेकॅनिक महिन्यातून एकदा एस.टी.ने जाऊन पिशवीभर माल आणी. ॲम्प्लिफायरच्या पाठीवर लोखंडी टोप्यांसारखे २एन३०५५ ट्रान्झिस्टर. पेट्या सुतार करी. माझ्या वडिलांनी १९८३ साली अशीच जोडी करून घेतली. थील आणि स्मॉल यांची नावे त्या सुताराने ऐकलेली असणे शक्य नव्हते. पेटीची रुंदी ठरली ती कपाटाशेजारच्या मोकळ्या जागेवरून. मात्र लाकूड सागवानी होते. आठ इंची वूफर, वर ट्वीटर, आणि वाटणीसाठी म्हणून ट्वीटरच्या वाटेत एकुलता एक ४.७ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर. हिशेब केला तर आठ ओहमच्या ट्वीटरला तो साधारण ४,२०० हर्ट्झला वाट मोकळी करून देतो. वूफरला मात्र कॉइल नव्हतीच, तो झेपेल तिथपर्यंत गात राही. म्हणजे मधल्या पट्ट्यात दोघेही एकच सूर म्हणत. वडिलांना हे ठाऊक नव्हते, मलाही नव्हते. भीमसेन जोशींच्या कॅसेटी आम्ही त्यावर वीस वर्षे ऐकल्या, आणि आनंदाने ऐकल्या.

या काळाचे मोल केवळ ध्वनीच्या गुणवत्तेत मोजता येणार नाही. पेटीचे प्रत्येक अंग उघडे होते. कोन फाटला की नवा कोन, कॉइल जळाली की नवी गुंडाळी, गुंडी खरखरली की दोन रुपयांत नवी. एका अर्थी तो गावकारागिरीचा शेवटचा बहर होता. तंबोरा दुरुस्त करणारा मिरजेत आणि ॲम्प्लिफायर दुरुस्त करणारा सांगलीत, दोघांच्या दुकानातले हावभाव सारखे असत. तार छेडून कान देणे आणि टेस्टरने टोचून कान देणे. मी हे काही भाबडेपणाने लिहीत नाही. त्या मेकॅनिकांनी बिघडवलेले संचही पुष्कळ पाहिले आहेत.

तिकडे जगात मात्र याच सुमारास दुसरी वाट फुटली होती. १९७६ साली सिगफ्रीड लिंक्विट्झने मांडलेली आणि त्याच्या व रस रायलीच्या नावाने ओळखली जाणारी वाटणीची रीत ॲम्प्लिफायरच्या आधी वाटणी करणाऱ्यांना फार सोयीची ठरली. फिलिप्सने १९७० च्या दशकात वूफरच्या शंकूवरच संवेदक बसवून, शंकू चुकला की ॲम्प्लिफायरने दुरुस्त करावे अशी पेटी काढली. १९७८ मध्ये फिनलंडात जेनेलेक ही कंपनी तेथील नभोवाणीच्या गरजेतून उभी राहिली आणि तिने ॲक्टिव्ह पेट्याच केल्या. हळूहळू ध्वनिमुद्रणगृहांतून पॅसिव्ह पेट्या हटल्या. आज आपण ऐकतो त्यातले बहुतेक संगीत मुद्रित होताना कोणीतरी ॲक्टिव्ह पेटीवरच ऐकलेले असते. घरी मात्र ही गोष्ट संगणकाच्या आडून शिरली. २००० च्या आसपास संगणकाबरोबर मिळणाऱ्या त्या राखाडी प्लास्टिकच्या दोन डब्या आठवा. आम्हा प्राध्यापकांच्या घरातील पहिल्या वीजधारी पेट्या त्याच. आणि त्यांच्या आवाजामुळेच 'पेटीत ॲम्प्लिफायर म्हणजे हलका माल' हा ग्रह झाला असावा. त्यानंतर कमी तापणारे, नखाएवढे डी वर्गाचे ॲम्प्लिफायर आले, वाटणीचे काम अंकगणिताने करणाऱ्या चकत्या आल्या, आणि परिस्थिती पालटली.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी ४५ आहे. आमचे घर गावभागात. वडिलांना घेऊन आम्ही आधीच बाहेर पडलो होतो. परतलो तेव्हा खालच्या खोलीत भिंतीवर छातीएवढ्या उंचीला चिखलाची रेघ होती. पेट्या पाण्यात आठवडाभर उभ्या होत्या. कागदी कोन लगद्यासारखे झाले होते, ट्वीटर गंजले होते. सागवान मात्र टिकले. ॲम्प्लिफायर कपाटावर होता, तो वाचला. मेकॅनिकने (पहिल्याचा मुलगा, आता मुख्यतः मोबाइल दुरुस्त करतो) पेट्या पाहून विचारले, "सर, पाणी कुठपर्यंत होतं?" रेघ दाखवली. तो म्हणाला, "मग नशीब समजा. सगळं पेटीतच असतं तर सगळंच गेलं असतं." हा पॅसिव्हच्या बाजूचा युक्तिवाद म्हणून मी बरेच दिवस सांगत असे. आता सांगत नाही. पुराने दिलेला निकाल हा ध्वनीचा निकाल नव्हे.

ध्वनीचा निकाल साताऱ्यात लागला. तेथील एका सहकाऱ्याने अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याच्या आपल्या सदनिकेत मध्यम किमतीची ॲक्टिव्ह जोडी घेतली होती. आमच्या पेट्यांत नवे ध्वनक बसले, पेट्या उन्हात वाळल्या, जुन्या मापाचेच नवे कंडेन्सर पडले. तेव्हा एका रविवारी त्या गाडीत घालून कऱ्हाडमार्गे साताऱ्यास नेल्या. तिसरा एक सहकारी जोड्या आलटून पालटून लावायला बसला, पडदा ओढला, आणि मुख्य म्हणजे दोन्हींचा आवाज मोबाइलवरील मापकाने सारखा केला. ही खबरदारी न घेता केलेली कोणतीही तुलना व्यर्थ समजावी. किंचित मोठे ऐकू येणारे कानाला नेहमीच अधिक चांगले वाटते. कित्येक दुकानदारांचा धंदा त्यावर चालतो.

प्रथम खाँसाहेबांच्या तबकडीची नवी प्रत लावली. फरक जवळजवळ नाही. विचार करता कारण उघड आहे. १९०५ च्या गायनात वाटणीच्या रेषेवर गाणे पोहोचतच नाही. सारा गळा वूफरमध्ये आणि ट्वीटरच्या वाट्याला फक्त खरखर. १९३० नंतरच्या तबकडीत थोडा फरक जाणवला, तोही आमच्या पेट्यांच्या बाजूने: त्यांचा ट्वीटर मंद असल्याने खरखर कमी. बालगंधर्वांच्या पदांचेही तसेच. ज्यांचा संग्रह मुख्यतः १९५० पूर्वीचा आहे त्यांनी या वादात पैसे घालवू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

मग अलीकडच्या एका ख्यालगायनाची ध्वनिफीत लावली आणि गायक सुरू होण्यापूर्वीचा निव्वळ तंबोरा ऐकला. येथे सर्व बदलले. तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखाली जो दोरा सरकवतात, त्याने जवारी खुलते. म्हणजे एका तारेतून मूळ स्वराबरोबर त्याच्या पटीतले स्वर एकामागून एक उमलत वर जातात. षड्ज १३८ हर्ट्झचा धरला, तर विसावा अंश २,७६० वर येतो, तिसावा ४,१४० वर, म्हणजे नेमका आमच्या कंडेन्सरच्या सीमेवर. एकाच तारेच्या ध्वनीचे बूड वूफरमध्ये आणि शेंडा ट्वीटरमध्ये, आणि मधला भाग दोघांत वादग्रस्त. आमच्या पेट्यांवर तंबोरा गोड होता, पण जवारी त्याच्यापासून सुटून वर कुठेतरी वेगळी झिणझिणत होती. खुर्चीतून उठून उभे राहिले की तिचा रंगच बदले. ॲक्टिव्ह जोडीवर तंबोरा एका जागी होता. भोपळा, दांडी, तार, जवारी सगळे एका वस्तूचे. माझ्या अंगावर काटा आला हे कबूल करतो. चाळीस वर्षांत या घरगुती यंत्रातून मी तंबोरा असा कधी ऐकला नव्हता.

आता न्याय करायचा तर असेही म्हटले पाहिजे की ही तुलना विषम होती. एका बाजूस सुताराच्या हिशेबाची पेटी आणि एक कंडेन्सर, दुसऱ्या बाजूस अभियंत्यांनी मोजून केलेला संच. उत्तम क्रॉसओव्हरची पॅसिव्ह पेटी असती तर अंतर पुष्कळ कमी झाले असते. पण उत्तम पॅसिव्ह क्रॉसओव्हरला जाड कॉइल, निवडक कंडेन्सर आणि फार श्रम लागतात, आणि तरीही कॉइलचा रोध वूफर व ॲम्प्लिफायर यांच्या मध्ये उभा राहतोच. तेच काम ॲम्प्लिफायरच्या आधी केले तर थोडक्या पैशांत आणि अधिक काटेकोरपणे होते. मर्यादित पैशांत नवी सुरुवात करणाऱ्याने ॲक्टिव्ह घ्यावे हे त्यामुळेच.

ॲक्टिव्हची दुखणीही त्याच दिवशी दिसली. शांतता असताना कान जवळ नेला की ट्वीटरमधून बारीक सळसळ येते, कारण ॲम्प्लिफायर सदा जागा असतो. दोन्ही पेट्यांना विजेचे स्वतंत्र सॉकेट हवे, आणि जुन्या वाड्यांत अर्थिंग धड नसले की हमिंग पाठ सोडत नाही. सगळ्यांत मोठे दुखणे दुरुस्तीचे. याच सहकाऱ्याची आधीची एक जोडी पाच वर्षांत मुकी झाली. ध्वनक ठणठणीत, पेटी ठणठणीत, आतील पट्टी गेलेली, आणि ती पट्टी कोठेही मिळेना. अखेर एवढी मोठी वस्तू भंगारात गेली. रेडिओच्या काळातही पेटी बंद होती, पण तिच्या पाठीच्या पुठ्ठ्याला चार स्क्रू होते, आणि व्हॉल्व्हवर त्याचा क्रमांक छापलेला असे. आजची पेटी बंद आहे ती अधिक खोल अर्थाने. ध्वनी सुधारला, आणि त्या बदल्यात मेकॅनिकचा त्यातला वाटा संपला. माझ्या मते हा व्यवहार अटळ नव्हता. पट्टी सुटी करता येईल, तिचा नकाशा मिळेल, अशी ॲक्टिव्ह पेटी करणे अशक्य नाही. तशा करणारेही आहेत, पण ग्राहक म्हणून आपण ते विचारत नाही.

परतताना आमच्या पेट्या पुन्हा गाडीत घातल्या. त्या विकाव्यात असे मनात आले होते. वडिलांनी ऐकले नाही. "मला तंबोरा ऐकायचा नाही, भीमसेन ऐकायचाय," एवढेच म्हणाले. मी मात्र एक लहान ॲक्टिव्ह जोडी घेऊन वरच्या खोलीत लावली. विद्यार्थी आले की ख्याल तेथे ऐकतो, आणि खाली वडिलांच्या कॅसेटी चालू असतात. २०२१ च्या जुलैत पाणी पुन्हा गावभागात आले. तेव्हापासून पावसाळ्यात आयर्विन पुलाची पातळी पस्तीस फुटांवर गेली की खालच्या दोन्ही पेट्या जिन्याने वर येतात. सागवानी असल्याने जड आहेत. एका माणसाचे ते काम नव्हे.